रोजच्या कामाला अ‍ॅडमिनचं खातं नको

नवा विंडोज कॉम्प्युटर सुरू केला की त्यात पहिलं खातं तयार होतं ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायची मुभा असलेलं. मग बिलं, यूट्यूब, मुलांचे गेम, सगळं त्याच खात्यावर वर्षानुवर्षं चालतं. एखादी फाइल परवानगी मागते, आपण सवयीने 'येस' दाबतो आणि तिला अख्ख्या मशीनचा ताबा मिळतो. अँटिव्हायरस कोणता घ्यावा यावर लोक तासभर बोलतात, पण हे दार कोणी लावत नाही. म्हणून सुरुवात इथून करा.

१. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर यूजर्स' उघडा. नवीन लोकल, म्हणजे याच मशीनपुरतं, खातं तयार करा. ते आधी साधंच बनतं. 'चेंज अकाउंट टाइप'मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. पासवर्ड लांब ठेवा. तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातील, त्यांची खरी उत्तरं देऊ नका. तुमची शाळा कोणती हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं.

२. नव्या खात्यात एकदा लॉगइन करून पाहा. ते नीट उघडलं की तिथूनच तुमचं जुनं खातं 'स्टँडर्ड यूजर' करा. हा क्रम उलटवू नका. फाइली, डेस्कटॉप सगळं जागच्या जागी राहतं.

आता तुमच्या खात्यावरून सॉफ्टवेअर टाकायला गेलात तर बहुतेक वेळा नुसतं 'येस' पुरणार नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जाईल. पहिले आठ दिवस चिडचिड होते. पण आपण काही टाकत नसताना ही खिडकी उघडली, तर थांबायचं. फुकटातले फाँट किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं जातं, तेव्हाही थांबायचं.

३. अपडेट लांबवू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. नेहमीची अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. बुधवारी दुकान बंद करताना रीस्टार्ट करायचं ठरवून टाका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनला विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जा.

४. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन दाखवायला लावा. नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई'मधलं शेवटचं शेपूट दिसतच नाही आणि बिल समजून आपण प्रोग्रॅम उघडतो.

५. लॅपटॉप असेल तर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींना लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. एखाद्या दुरुस्तीनंतर किंवा बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर मशीन अचानक ती मागू शकतं. तेव्हा ती नसेल तर फाइली गेल्याच.

६. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि झाला की वायर काढा. रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस, जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. जीएसटीचं रिटर्न भरायच्या आदल्या रात्री हे तपासण्यात अर्थ नाही.