सफेद मुसळीचे टिश्यू कल्चर: कोंबापासून कुंडीपर्यंत

सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे. आज तेथे मुसळीपेक्षा इमारतीच अधिक उगवतात, हा भाग वेगळा. या पिकाच्या बियांची उगवण कमी होते आणि विक्रीच्या मालातूनच पुढच्या हंगामाचे बेणे बाजूला काढावे लागते, म्हणून येथे टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवण्याची पद्धत, खरोखर उपयोगी पडते.

माध्यम (बाटलीतले पोषक मिश्रण) नेहमीचेच, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेले एमएस घ्यावे. एक लिटरसाठी 30 ग्रॅम साखर आणि 2 मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारे संप्रेरक) मिसळून सामू (पीएच) 5.8 करावा, त्यानंतरच 8 ग्रॅम आगर (माध्यम घट्ट करणारी पावडर) घालून उकळावे आणि बाटल्यांत ओतून 121 अंश सेल्सिअसला 15 ते 20 मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करावे. सामू फार उतरला तर आगर घट्ट बसत नाही.

खरी कसोटी कोंब स्वच्छ करण्यात आहे, कारण तो मातीतच वाढलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर मुळ्यांच्या झुपक्याच्या माथ्यावरील कोंब फुगू लागले की निरोगी झाडाचे कोंब थोड्या चकतीसह कापून घ्यावेत, अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धरावेत आणि सौम्य साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे हलवावेत. पुढचे काम लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोताखालच्या टेबलावर) करावे: 70 टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, 0.1 टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये पाच मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याने चार वेळा धुणे. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे. हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. बाहेरचे खवले सोलून आतला सुमारे एक सेंटिमीटरचा गाभा माध्यमावर उभा रोवावा.

बुरशी बहुधा आठवड्याच्या आत कापसासारखी वर येते आणि लगेच दिसते. जिवाणू अधिक लबाड: कोंब हिरवागार दिसतो आणि बुडाशी आगरात दुधाळ वलय हळूहळू पसरते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून खालून पाहावी आणि संशयित बाटली न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये टाकावी.

25 अंश तापमान आणि 16 तास प्रकाश पुरतो. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नव्या माध्यमावर घ्यावेत. ते काचेसारखे पारदर्शक होऊ लागले तर बीएपी कमी करावे. मुळांसाठी निम्म्या क्षारांचे एमएस आणि लिटरला 1 मिलिग्रॅम आयबीए (मुळे फोडणारे संप्रेरक) वापरावे.

बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे रोप एकदम बाहेर काढल्यास तासाभरात माना टाकते. मुळांवरील आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवावे, कारण त्यातील साखरेवर बुरशी धरते. कोकोपीट व वाळूत लावून वर पारदर्शक पेला पालथा घालावा आणि दोन-तीन आठवड्यांत तो रोज थोडा अधिक वेळ उघडा ठेवावा. पावसाळा संपताना पाने पिवळी पडून वाळली, तर रोप मेले असे समजून कुंडी उपडी करू नये. मुसळी तेव्हा सुप्तावस्थेत जाते, मुळ्या मातीत शाबूत असतात.