गाडी ओढत नाही म्हणून चिप? आधी या चुका टाळा

"गाडी घाटाला ओढंना झालीया, चिप टाकायची काय?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. चिप म्हणजे डिझेल पिकअपच्या इंजिनाची ताकद वाढवायला वरून बसवतात ती इलेक्ट्रॉनिक करामत. चूक प्रश्नातच आहे. गाडी आधी ओढत होती आणि आता ओढत नाही, म्हणजे कंपनीने दिलेली ताकद कुठेतरी गळते आहे. ती गळती शोधायची सोडून वरून चिप बसवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. चिपचं बरंवाईट नंतर बघू. सगळ्यात जास्त इंजिनं या पहिल्या चुकीपायी उतरवावी लागतात, म्हणून आधी तीच.

गळती शोधायचा क्रम ठरलेला ठेवा. स्वस्त आणि सोपं ते आधी.

पहिला एअर फिल्टर. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणारी गाडी आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री पट्ट्यात फिरणारी गाडी यांचा फिल्टर कंपनीच्या किलोमीटरवर सोडू नका, डोळ्याने बघून बदला. फुंकर मारून तोच पुन्हा बसवायची सवय वाईट. हवेच्या दाबाने कागद फाटतो आणि वाळूची बारीक पूड थेट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाच्या, पंख्यावर जाते. त्यानंतर डिझेल फिल्टर, त्याच्या तळाचं पाणी काढून. फिल्टर तुंबला की जोर लावल्यावर रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा, दाब पडतो आणि गाडी मान टाकते.

मग टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाईप. क्लिपच्या खाली बारीक चीर असते, गाडी उभी असताना दिसत नाही. टर्बोच्या तोंडाला टोपण लावून १५ पीएसआय हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तिथे ताकद गळते आहे. पुढे ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने अर्धवट उघडा अडकलाय का, बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाच्या, सेन्सरवर काजळी बसली आहे का, ते पाहा. चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा. ब्रेकचे लायनर घासत असतील तर कितीही चिपा लावल्या तरी गाडी जडच राहणार. क्लचची परीक्षाही सोपी आहे: माल भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला आणा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी तिथंच, तर प्लेट सरकते आहे.

शेवटी इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, गाडी काही मिनिटं आयडलला ठेवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर झिजला आहे. अशा इंजेक्टरवर चिपचा वाढीव दाब गेला की तो थेंब थेंब गळू लागतो, आणि गळणारा इंजेक्टर पिस्टनला भोक पाडतो.

एवढं तपासायला अर्धा दिवस लागतो. घाईत असलेले तरुण मालक हा अर्धा दिवस द्यायला तयार नसतात, कारण चिपचा बॉक्स बसवायला वीस मिनिटं लागतात. पाईपला चीर असताना बॉक्स बसवला की आधीच कमी असलेल्या हवेत डिझेल वाढतं. दोन दिवस गाडी उठल्यासारखी वाटते, मागे काळा धूर सुटतो, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. बरेचदा वीस-तीस रुपयांची क्लिप बदलून काम झालं असतं.

दुसरी चूक, डब्यात काय आहे हे न विचारता घेणं. बाजारात "चिप" या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकतात. ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात) खोचायचा स्वस्त प्लग उघडून पाहा: आत बहुधा लुकलुकणारे दिवे आणि ते चालवणारं छोटं सर्किट, बाकी काही नाही. तो घेऊ नका, विषय संपला. दुसरा प्रकार तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत घालायचा रेझिस्टर. तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवा थंड असल्याचं खोटं सांगतो. तिसरा ट्युनिंग बॉक्स, जो रेल प्रेशर सेन्सरच्या मध्ये बसतो. चौथा रिमॅप, म्हणजे ईसीएममधली फाईलच बदलणं.

पिकअपवाले बहुतेक तिसरा घेतात, म्हणून त्याची चाल समजून घ्या. रेल सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. दाब वाढला की सिग्नलचा व्होल्टेज वाढतो, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत. बॉक्स हा सिग्नल कमी करून पुढे पाठवतो. ईसीएमला वाटतं दाब कमी आहे, तो पंपाला आणखी दाब द्यायला लावतो. म्हणजे ईसीएमच्या हिशेबात १६०० बार असताना रेलमध्ये खरे १९०० असू शकतात, आणि स्कॅनर लावला तरी १६०० च दिसणार. "स्कॅनरवर सगळं नॉर्मल आहे" या वाक्याला बॉक्स बसवलेल्या गाडीत काही अर्थ उरत नाही.

आता हिशेब. नोझलमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब २० टक्के वाढवला तर डिझेल साधारण ९ ते १० टक्के वाढतं. डिझेल २० टक्के वाढवायचं तर दाब ४४ टक्के वाढवावा लागेल, आणि तो पंप, रेल किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणालाच झेपणार नाही. म्हणून फक्त दाबावर खेळणारा बॉक्स "३० टक्के ताकद" देतो असं कुणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा.

याच फसवणुकीमुळे मीटरवरचं अ‍ॅव्हरेजही खोटं पडतं. वाढलेलं डिझेल ईसीएमच्या हिशेबातच नसतं, त्यामुळे मीटर लिटरला किलोमीटर वाढल्याचं दाखवतं आणि मालक खूश होतो. अ‍ॅव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर टाकी फुल करा, तेवढाच माल, तोच रस्ता, ३०० किलोमीटरच्या पुढे चालवा, आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करून भागाकार करा.

तिसरी चूक म्हणजे बॉक्सचा आकडा सगळ्यात वर ठेवणं. हिच्यासाठी एक फेरी पायरीपायरीने बघा, कारण पिस्टन जळतात ते असेच.

हंगामात देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून पिकअप निघते. बॉक्सवर पाच पायऱ्या, आकडा पाचवर. गाडी पास आहे सव्वा-दीड टनाला, माल दोनच्या पुढे. वैभववाडी सोडली की करूळ घाट लागतो. एरवी ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतो. आज चिप आहे, म्हणून तिसऱ्यातच रेटतो. इंजिन १३००-१४०० आरपीएमवर, पाय पूर्ण खाली. या आरपीएमला टर्बो पुरेशी हवा देत नाही, पण पंप मात्र बॉक्सच्या सांगण्याने जादा डिझेल ढकलतो. हवा कमी, डिझेल जास्त. मागे काळा धूर, आणि टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे.

डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावरच असतो. तो पाण्याचं सांगतो, पिस्टनच्या माथ्याचं नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. घाटभर हे तापमान टिकलं की त्याच्या माथ्याची कड मऊ पडते आणि झिजू लागते. गगनबावड्याला गाडी वर आली की ड्रायव्हर चहासाठी थांबतो आणि लगेच किल्ली बंद करतो. टर्बो लालबुंद, त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी थांबतं, भाजतं आणि कोळसा होऊन बसतं.

त्या दिवशी काहीच होत नाही. म्हणूनच ही चूक पुन्हा पुन्हा होते. हंगामभर अशा फेऱ्या झाल्या की टर्बोच्या शाफ्टला खेळ येतो, इंटरकूलरच्या पाईपमध्ये ऑइल साचतं, निळा धूर सुरू होतो. रिंगांचा ताण जातो, गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते (सिलिंडरमधला वायू रिंगांमधून खाली उतरतो), डिपस्टिक काढली की नळीतून धूर फेकते. मग हेड उतरतं, आणि मालक म्हणतो, "बॉक्स चांगला होता, दोन महिने काही झालं नाही." बॉक्सचा आकडा कुणी विचारतच नाही.

यावर आमची ठाम सवय सांगतो. बॉक्सच्या आधी एक्झॉस्ट तापमानाचं मीटर घ्या. के-टाइप थर्मोकपल (उष्णता मोजणारा सेन्सर), एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला टर्बोच्या आधी बसवलेलं. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवून पाडा. धातूचा एक कण टर्बोत गेला तरी पंखा खलास. सतत चढावर ७०० अंश ही हद्द धरा, काटा तिथे आला की पाय उचला आणि गिअर खाली आणा. भरलेल्या गाडीला बॉक्स पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या वर नको. घाटात इंजिन २००० ते २५०० मध्ये फिरू द्या. वर पोचल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवूनच बंद करा. मीटरला पैसे नाहीत असं सांगणाऱ्याकडे बॉक्सलाही पैसे नसावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेलं उसाचं पाचट आधी काढा. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने मारा. समोरून प्रेशर पंप मारला तर फिन्स वाकतात.

बसवताना होणाऱ्या चुका बहुतेक वायरिंगच्या आहेत. किल्ली काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, ईसीएम पूर्ण झोपू द्या, मगच सेन्सरचा कनेक्टर काढा. उष्णतेने त्याची प्लास्टिकची कडी ठिसूळ झालेली असते, स्क्रू ड्रायव्हरने उचकली की तुटते आणि मग कनेक्टर घाटात हादऱ्याने सुटतो. वायर सोलून, पीळ देऊन, काळी टेप गुंडाळायची नाही. आपल्याकडच्या पावसात त्या जोडाला हिरवा गंज चढतो, सिग्नल खालीवर होतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीएम स्वतःच ताकद कापतो. गाडीचाच कनेक्टर असलेली वायरिंग मागा, मिळत नसेल तर तो बॉक्स घेऊ नका. बॉक्स बॅटरीच्या बाजूला, एक्झॉस्टपासून लांब, वायरीचं तोंड खाली करून बसवा.

एक गोष्ट जुन्या मिस्त्रींना हात जोडून सांगायची आहे. जुन्या पंपाच्या इंजिनात कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायला चालू गाडीत इंजेक्टर पाईपचं नट सैल करायची पद्धत होती. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करू नका. हजारापेक्षा जास्त बारचा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टोचल्याएवढी दिसते, पण बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. असं झालंच तर घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

रिमॅप करणार असाल तर तीन गोष्टी. मूळ फाईल आधी वाचून घ्या आणि त्याची प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. फाईल लिहिताना गाडीला स्थिर १३ व्होल्टच्या वरचा पॉवर सप्लाय लावा, कारण मध्येच बॅटरी बसली तर ईसीएम मरतो. आणि "सेम गाडीची फाईल आहे" या शब्दावर जाऊ नका. इंजिन तेच असलं तरी ईसीएमच्या सॉफ्टवेअरचा नंबर वेगळा असू शकतो, आधी तो जुळवा.

ईजीआर आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) बंद करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफ तुंबल्याची तक्रार खरी असते, पण बॉक्समुळे काजळी वाढली की तो आणखी लवकर तुंबतो. डीपीएफ साफ व्हायला आत साधारण ६०० अंश लागतात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते मिळत नाहीत. तिला अधूनमधून हायवेवर कागलच्या पुढे सलग अर्धा तास चालवून आणा.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसीत धुराची हद्द बीएस-४ गाडीला ५० हार्ट्रिज युनिट (धूर किती दाट ते मोजायचं माप), त्याआधीच्या गाडीला ६५. काळा धूर ओकणारी पिकअप तिथेच अडकते. वॉरंटीतली गाडी असेल तर बॉक्स आणूच नका. अपघाताच्या क्लेमलाही न कळवलेला बदल नडतो.

बसवल्यावर फरक मोजायचा तर तोच माल, तोच गिअर, पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ, आणि घड्याळ. बॉक्स लावून दोनदा, काढून दोनदा. अंगाला बसलेला झटका हे मोजमाप नाही.

बसवल्यानंतर इंजिनाची लाईट लागली तर लगेच स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पुसू नका, आधी लिहून घ्या. पी००८८ म्हणजे रेलचा दाब जास्त, पी००८७ म्हणजे कमी, पी०१९१ म्हणजे रेल सेन्सरचा सिग्नल पटत नाही, पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी. मग बॉक्स काढून मूळ कनेक्टर जोडा, कोड पुसा आणि माल भरून ५० किलोमीटर चालवा. कोड परत आला तर दुखणं गाडीत आहे, वर सांगितलेल्या क्रमाने एअर फिल्टरपासून सुरुवात करा. आला नाही तर बॉक्स किंवा त्याची वायरिंग. वायरिंग तपासून एक पायरी खालच्या आकड्यावर पुन्हा लावून बघा, आणि तोच कोड दुसऱ्यांदा आला तर तो बॉक्स त्या गाडीला परत जोडू नका.