फुटबॉलचा पाय, लांबट चेंडू: सोलापुरात फील्ड गोल मारायला शिका

उवे फॉन शामान जन्माने बर्लिनचा, पाय साध्या फुटबॉलवर तयार झालेला. 1977 मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाकडून त्याने 41 यार्डांवरून, म्हणजे साडेसदतीस मीटरवरून, फील्ड गोल मारून (जमिनीवर धरलेला चेंडू लाथेने दोन उंच खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारून) ओहायो स्टेट विद्यापीठाला 29-28 असं हरवलं. पुढे 1979 ते 1984 तो मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचा किकर, म्हणजे असे फटके मारणारा खेळाडू. त्याच्यासारखा तिरकं धावत येऊन मारायचा फटका फुटबॉल खेळणाऱ्या कुणालाही जमण्यासारखा आहे.

मैदानात 5.64 मीटर अंतरावर दोन उंच बांबू रोवा आणि 3.05 मीटर उंचीवर आडवी दोरी ताणा. चेंडू अमेरिकन फुटबॉलचा घ्या, रग्बीचा चालत नाही, तो जाड आणि बोथट असतो. चेंडूत हवा 12.5 ते 13.5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), उन्हात तापला की दाब वाढतो, म्हणून मैदानावरच तपासा.

सुरुवात वीस मीटरवरून. होल्डर, म्हणजे चेंडू धरणारा साथीदार, चेंडू जमिनीवर उभा धरेल, किंचित स्वतःकडे कललेला, चेंडूवरची दोरीची शिवण खांबांकडे. उजव्या पायाचा किकर असेल तर सरळ मागे तीन पावलं, मग डावीकडे दोन. डाव्या पायाने छोटं पाऊल, उजव्याने लांब, आणि डावा पाय चेंडूशेजारी साधारण फूटभर अंतरावर रोवायचा.

सगळा खेळ या रोवलेल्या पायाचा. त्याची बोटं उजवीकडे वळली की चेंडूही उजवीकडे. पाय चेंडूच्या फार पुढे पडला तर फटका बुटका, समोरच्याच्या हातात जाणारा. मागे राहिला तर अंग मागे झुकतं, चेंडू उंच उडतो पण पोहोचत नाही. आपल्या काळ्या मातीत हे हमखास बिघडतं: पावसाळ्यात बुटाला लिंपण चढतं, उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. जागा आधी पायाने चाचपून घ्या.

फटका चेंडूच्या मध्याच्या जरा खाली, पायाच्या वरच्या हाडाने. घोटा ताठ, बोटं खाली, नजर चेंडूवर. मान वर करून बघण्याची घाई सगळ्यांनाच होते. दिशा जमेपर्यंत जोर लावू नका. मग सात यार्डांवरून, म्हणजे 6.4 मीटरवरून, चेंडू मागे होल्डरकडे फेकायला कुणाला तरी उभं करा. फेकल्यापासून फटक्यापर्यंत सुमारे 1.3 सेकंद मिळतात.

आठवड्याला तीनच दिवस, दर वेळी तीस-चाळीस फटके. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका. जांघेत ओढ जाणवली की त्या दिवशी बंद. तसंच रेटलं तर पायाला वाचवायला कंबर आधीच वळते आणि चेंडू डाव्या बांबूबाहेर जायला लागतो.