सफरचंदावरचा तांबेरा: या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्वेकडे किंवा मिडवेस्टमध्ये परसात सफरचंद लावलेली आपली मंडळी जून आला की पानांचे फोटो पाठवू लागतात. पिवळेजर्द ठिपके, मध्यभागी नारिंगी. हा तांबेराच. पण गव्हा-सोयाबीनवरच्या तांबेऱ्याचा अनुभव इथे लावू नका. तो पानावरून पानावर पसरतो. हा एका सफरचंदावरून दुसऱ्यावर जातच नाही, मध्ये त्याला ईस्टर्न रेड सिडार हे जुनिपरच्या जातीचं झाड लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ठिपके दिसल्यावर फवारणी. तोवर लागण होऊन गेलेली असते. वसंतातल्या पावसात सिडारच्या फांद्यांवरच्या तपकिरी गाठी फुगतात आणि त्यांतून नारिंगी, बुळबुळीत शिंगं लोंबू लागतात. एकदा जवळ जाऊन बघाच. तिथले बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर येतात आणि कोवळं पान काही तास ओलं राहिलं की आत शिरतात. म्हणून कळ्या गुलाबी दिसू लागल्यापासून पाकळ्या गळून दोन-तीन आठवडे होईपर्यंत, लेबलवरच्या अंतराने फवारा. मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक चालतं, कॅप्टन या बुरशीनाशकाचा मात्र या रोगावर उपयोग नाही. आणि 'ऑल-इन-वन' औषधांत बरेचदा कीटकनाशक असतं. भर फुलोऱ्यात ते मारू नका, मधमाश्यांचा जीव जातो.

गळलेली पानं जाळून हा रोग हटत नाही. स्कॅब या सफरचंदाच्या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी पानं गोळा करणं योग्य, पण तांबेऱ्याची बुरशी हिवाळा काढते सिडारवर. उन्हाळा सरता सरता पानाखालच्या बारीक नळ्यांतून बीजाणू तिकडे परततात. गाठ पिकायला दीड वर्षाहून जास्त काळ लागतो.

मग अंगणातला सिडारच तोडावा? एवढ्याने भागत नाही. सफरचंदाच्या बागांपासून दोन मैलांच्या आतले सिडार तोडायला लावणारा व्हर्जिनियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये उचलून धरला होता, इतक्या लांबून हे बीजाणू येतात. आपल्या झाडावरच्या गाठी शिंगं फुटण्याआधी, हिवाळ्यातच छाटा. थोडा भार नक्की कमी होतो.

नवं रोप घेताना 'रोगप्रतिकारक' एवढ्या शब्दावर जाऊ नका. गोल्डरश या जातीचं सफरचंद स्कॅबला दाद देत नाही, तांबेऱ्याला मात्र सहज बळी पडतं. लिबर्टी या जातीचं सफरचंद दोन्हींपुढे टिकतं. सिडारांच्या शेजारात मी तेच लावायला सांगेन.