बाथला जाताय? रोमन कुंडात उतरता येत नाही
इंग्लंडमधल्या बाथला निघालात तर एक गैरसमज आधीच काढून टाका: रोमन स्नानगृहात आंघोळ करता येत नाही, ते संग्रहालय आहे. मोठ्या कुंडातलं हिरवंगार पाणी शेवाळामुळे तसं दिसतं. त्यात हातही घालू नका. झरा मात्र अजून वाहता आहे. सुमारे ४६ अंशांचं पाणी, रोज ११ लाख लिटरहून जास्त! आत ते चाखायलाही मिळतं. कोमट, लोखंडासारखी चव. मला एक घोट पुरला. डुंबायचंच असेल तर पोहण्याचे कपडे घेऊन जवळच्या ‘थर्मे बाथ स्पा’त जा. तिथल्या गच्चीवरच्या तलावात शक्यतो दिवेलागणीला उतरा, थंडीत वाफ छान दिसते. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण दीड तास. पुढे सगळं चालत.