डीएक्स७ वर आवाज कर्कश झाला तर आधी मॉड्युलेटर उतरवा

यामाहाच्या डीएक्स७ (१९८३) या सिंथेसायझरवर सहा ऑपरेटर (साइन लहर निर्माण करणारे घटक) असतात आणि ‘आउटपुट लेव्हल’ हा आकडा ० ते ९९ प्रत्येकाला असतो. पण त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नाही. ऑपरेटर कॅरिअर, म्हणजे थेट ऐकू येणारा, असेल तर हा आकडा त्याच्या आवाजाची पातळी ठरवतो. मॉड्युलेटर, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटरची लहर बदलणारा, असेल तर सुराची धार. म्हणून सूर टोचायला लागला की कॅरिअर कमी करून काही साधत नाही, तोच टोचरा सूर फक्त हळू ऐकू येतो.

कोण कोणाला मॉड्युलेट करतंय हे वरच्या पट्टीवर छापलेल्या ३२ अल्गोरिदमच्या (ऑपरेटर जोडण्याच्या रचनांच्या) आकृत्यांत दिसतं. सगळ्यात खालच्या ओळीतले कॅरिअर. शिकायला अल्गोरिदम ५ घ्या, तीन सरळ जोड्या आहेत. एडिटमध्ये १ ते ६ बटणांनी ऑपरेटर बंद-चालू करता येतात. फक्त १ आणि २ ठेवा. आता २ ची लेव्हल शून्यातून चढवत एकच स्वर वाजवत राहा. साधी साइन लहर हळूहळू उजळत जाईल.

एक गोष्ट जपा: हा आकडा सरळ प्रमाणात चालत नाही. वरच्या भागात साधारण ८ अंकांना मॉड्युलेशन दुप्पट होतं, त्यामुळे ८० च्या पुढे एकेक अंकानेच सरका.

मला सर्वात आवडतं ते मॉड्युलेटरची ‘की व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी’ (कळ किती जोरात दाबली याला मिळणारा प्रतिसाद, ० ते ७) वाढवणं. हलका हात मऊ, जोराचा हात घंटेसारखा. इलेक्ट्रिक पियानोत जीव येतो तो इथूनच.