सर्रास नाव की वेगळं नाव? बाळाचं नाव ठरवताना काय काय तपासावं

आमच्या वर्गात चार मनीषा होत्या. बाईंनी हजेरीत आडनावं लावून सोय केली, पण मुलींनी त्याच्या आधीच ‘उंच मनीषा’, ‘वेणीवाली मनीषा’ अशी वाटणी करून टाकली होती. मी चष्म्याची. माझ्या नणंदेचं नाव ऋजुता. ऋजुता म्हणजे सरळपणा, आणि आजवर ते नाव कुणी पहिल्या फटक्यात सरळ लिहिल्याचं तिला आठवत नाही.

आम्ही दोघी एकत्र बसलो की कुणाचं दुखणं मोठं यावर वाद होतो. तो कधी मिटत नाही, कारण दोघींचंही खरं आहे. सर्रास नाव आयुष्यभर दुसऱ्यांशी वाटून घ्यावं लागतं आणि वेगळं नाव आयुष्यभर समजावून सांगावं लागतं. यातलं काय पत्करायचं, हे बाळाच्या वतीने तुम्हाला ठरवायचं आहे. घरात नावांची यादी तयार असेल तर ती पुढ्यात घ्या आणि एकेका नावाला खालच्या पायऱ्यांवरून चालवा.

पायरी १ : आधी स्वतःची नावं आठवा

आईबाप दोघांनीही आपापल्या नावाबद्दल मोकळेपणाने बोलावं. शाळेत कंटाळा आला होता का? फोनवर नाव सांगताना अजून जीव मेटाकुटीला येतो का? बहुतेक वेळा सर्रास नावाचा माणूस वेगळ्या नावाचा हट्ट धरतो आणि वेगळ्या नावाचा माणूस साध्या नावाचा. दोघांनाही आपल्याच नावाचा वचपा काढायचा असतो. तो काढू नये असं नाही, पण आपण ते करतोय एवढं माहीत असावं.

पायरी २ : नाव खरंच किती सर्रास आहे ते मोजा

‘हल्ली सगळ्यांचं हेच नाव असतं’ हे वाक्य प्रत्येक नावाबद्दल कुणी ना कुणी म्हणतंच. त्यावर जाऊ नका. ज्या देशांत नावांच्या सरकारी याद्या निघतात तिथे काम सोपं आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावं आकड्यांसकट बघायला मिळतात. एखाद्या वर्षी किमान पाच बाळांना दिलेलं नावही त्यांच्या नोंदीत सापडतं.

त्या याद्या चाळताना एक गंमत दिसते. १८८० मध्ये तिथे जॉन हे नाव शंभरातल्या आठ मुलांचं होतं. २०१७ पासून पहिला नंबर लियमकडे आहे, पण शंभरात जेमतेम एकाचं नाव लियम असतं. म्हणजे आजचं सर्वांत लोकप्रिय नावही जुन्या हिशेबाने तसं विरळच.

याचा वर्गात काय परिणाम होतो ते बघू. वर्गात ३० मुली धरा. तुमच्या मुलीचं नाव शंभरात एकीचं असेल, तर उरलेल्या २९ जणींत तिची एखादी नावबहीण असण्याची शक्यता साधारण २५ टक्के. नाव हजारात एकीचं असेल तर ३ टक्क्यांच्याही आत. आणि जॉनसारखं शंभरात आठ जणींचं असेल तर ९० टक्क्यांच्या वर. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात एका शाळेत एकाच भागातली, एकाच तऱ्हेच्या घरांतली मुलं येतात आणि त्यांच्या आईबापांची आवडही सारखीच असते. त्यामुळे देशभरात विरळ असलेलं नाव एकाच गल्लीत तीनदा ऐकू येऊ शकतं.

म्हणून यादीपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. जवळच्या बालवाडीच्या दारात शाळा सुटताना दहा मिनिटं उभे राहा. आईबाप कोणत्या हाका मारतात ते ऐका. तुमचं मूल ज्यांच्यासोबत वाढणार आहे त्यांची नावं तिथे आयती ऐकायला मिळतात. आपल्या पिढीच्या ओळखीपाळखीत ते नाव किती जणांचं आहे हे मोजून मात्र उपयोग नाही. मनीषा आज कुणी ठेवत नाही, तरी माझ्या फोनमध्ये सहा आहेत.

मोजताना दोन चकवे संभाळा.

पहिला चकवा स्पेलिंगचा. याद्या बहुधा प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२३ च्या यादीत मुहम्मद हे मुलांचं पहिल्या क्रमांकाचं नाव ठरलं, आणि त्याच नावाची आणखी दोन स्पेलिंगं पहिल्या शंभरात निराळी नोंदलेली होती. हाक मारताना स्पेलिंग ऐकू येत नाही. तेव्हा एका उच्चाराची सगळी रूपं एकत्र धरून बघा. ‘आम्ही शेवटी दोन ए लावलेत, म्हणून वेगळं’ असं सांगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरा चकवा नादाचा. आरव, आरुष, आरोही, आर्या, आराध्या, आरना ही वेगवेगळी नावं आहेत, पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारली की पोहोचतो तो फक्त ‘आर…’, आणि माना वळतात सहा. अमेरिकेतही एडन, जेडन, ब्रेडन अशा एका ठेक्याच्या नावांची लाटच आली होती. त्यातल्या अनेक आईबापांना आपण नेहमीपेक्षा निराळं नाव ठेवतोय असंच वाटलं असणार. वेगळेपण हवंच असेल तर ते पहिल्या अक्षरात आणि ठेक्यात शोधा.

पायरी ३ : नाव चढतंय की उतरतंय?

आज नाव कितव्या नंबरावर आहे यापेक्षा ते कुठे निघालंय हे महत्त्वाचं. पाच वर्षांपूर्वी कुणी ऐकलं नव्हतं आणि आता ओळखीत तिघांनी ठेवलं, असं नाव असेल तर तुमचं बाळ शाळेत जाईपर्यंत ते सर्रास झालेलं असेल. अशी नावं पुढे वय सांगतात. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं जेनिफर हे मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं. आज तिथे एखाद्या जेनिफरचं वय विचारावं लागत नाही, अंदाज येतो.

उलट काही नावं पिढ्यान्‌पिढ्या वरही जात नाहीत आणि खालीही येत नाहीत. चार वर्गांत मिळून एक असतोच, पण वर्गात दोन सहसा नसतात. या दोन टोकांच्या मध्ये अडकलेल्यांनी अशा नावांकडे आधी बघावं, असं माझं मत आहे.

आणि काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. अमेरिकेत २०१५ मध्ये सहा हजारांहून जास्त मुलींचं नाव अलेक्सा ठेवलं गेलं. त्याच सुमारास हाक मारली की उत्तर देणारं त्या नावाचं यंत्र घराघरांत शिरलं आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. त्या सहा हजार घरांनी विचार करून नाव ठेवलं नव्हतं असं कोण म्हणेल?

पायरी ४ : नाव वेगळं असेल तर त्याची परीक्षा घ्या

इथे घाई नको.

फोनची परीक्षा पहिली. नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी फोन करा, नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. पाचपैकी चार जणांनी बरोबर लिहिलं तर नाव उत्तीर्ण. पाचही जणांनी ‘काय?’ विचारलं तर तुमच्या मुलाच्या पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या फोनांची ती रंगीत तालीम समजा.

मग वाचण्याची परीक्षा. कागदावर नाव लिहून दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला द्या. देवनागरीत सहसा अडचण येत नाही. खरी कसोटी रोमन लिपीत लागते, आणि मराठी नावांना ती लागतेच.

‘ऋ’ घ्या. मराठी माणूस तो ‘रु’ म्हणतो, म्हणून ‘आर-यू’ लिहितो. हिंदी माणूस ‘रि’ म्हणतो, म्हणून ‘आर-आय’. काही जण पुढे ‘एच’सुद्धा जोडतात. ऋजुता, ऋतुजा, ऋग्वेद, कुणाचीच यातून सुटका नाही. ‘ज्ञ’चं तसंच. आपण ‘द्न्य’ म्हणतो, बाहेर ‘ग्य’ म्हणतात. त्यामुळे ज्ञानदाची सुरुवात ‘डी’ने करायची की ‘जी’ने, हा प्रश्न. ‘ळ’ला तर तिकडे जागाच नाही. प्रांजळ घराबाहेर पडला की प्रांजल होतो, मंजुळाची मंजुला होते.

शेवटच्या ‘ए’चा घोळ सगळ्यांत चिवट. आर्य आणि आर्या, अनन्य आणि अनन्या, कृष्ण आणि कृष्णा रोमनमध्ये एकसारखेच लिहिले जातात. मुलाला मुलगी आणि मुलीला मुलगा समजून पत्रं येतात. तुम्हाला त्यात वावगं वाटत नसेल तर प्रश्नच मिटला. वाटत असेल तर आत्ताच विचार करा.

याचा अर्थ अवघड नाव ठेवू नये असा नाही. उच्चार अवघड, पण ऐकला की लक्षात राहतो, असं असेल तर लोक दोन भेटींत शिकतात. लिहायला, वाचायला आणि लक्षात ठेवायला, तिन्ही बाबतींत नाव अडून बसत असेल तर मी ते खाली ठेवेन. ऋजुता म्हणते, लिहिण्याचा त्रास आहे, पण भेटलेला माणूस मला विसरत नाही. माझ्याबद्दल हे कुणी म्हणालेलं नाही.

काही देशांत वेगळ्या नावाला कायद्याचीही चाळणी असते. आइसलँडमध्ये यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर समितीची मंजुरी लागते. ते नाव त्यांच्या भाषेच्या विभक्तीत बसायला हवं. न्यूझीलंडमध्ये २००८ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीचं विचित्र, वाक्याएवढं लांब नाव बदलता यावं म्हणून न्यायालयाला मध्ये पडावं लागलं होतं. परदेशात राहत असाल तर तिथला नियम आधी बघून घ्या.

पायरी ५ : अर्थ शब्दकोशात बघा

नावांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक दुर्मिळ नावाचा अर्थ ‘प्रकाश’, ‘देवाची देणगी’ किंवा ‘राजकन्या’ असतो. विश्वास ठेवू नका. नाव संस्कृत असल्याचं सांगितलं जात असेल तर आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडा. तो इंटरनेटवरही शोधता येतो. तृषा म्हणजे तहान. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती, किंवा करंगळीशेजारचं बोट. दोन्ही नावं कानाला गोड आहेत आणि अर्थ माहीत असून कुणी ठेवली तर हरकत कसली? मूल दहा वर्षांचं झाल्यावर ‘माझ्या नावाचा अर्थ काय?’ विचारेल, तेव्हा उत्तर तयार हवं, इतकंच. अर्थच नसलेलं, नुसतं नादासाठी जुळवलेलं नाव असेल तर तसं सांगायची तयारी ठेवा. मुलांना ते चालतं. आजोबांना चालत नाही.

पायरी ६ : सर्रास नाव असेल तर पूर्ण नाव लिहून बघा

सर्रास नावाचा खरा घोळ आडनावही सर्रास असेल तेव्हा होतो. मग एकाच्या नावाची पत्रं दुसऱ्याला जातात, ईमेलचा पत्ता हवा तसा मिळत नाही, त्यामागे चार आकडे लावावे लागतात. नाव, मधलं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहून इंटरनेटवर शोधा. पानंच्या पानं एकाच नावाची माणसं आली आणि त्यात एखादा फार गाजलेला किंवा फार बदनाम झालेला निघाला, तर निदान मधल्या नावाने तरी फरक पडतो का ते पाहा. नेमाने पूर्ण नाव लिहिण्याची सवय मुलाला पुढे उपयोगी पडते. आडनाव विरळ असेल तर ही पायरी सोडून द्या आणि हवं तेवढं साधं नाव ठेवा.

पायरी ७ : विश्रांती घेतलेली नावं

सगळ्यांना लिहिता-वाचता येतं, पण सध्या कुणी ठेवत नाही, असा नावांचा एक मोठा साठा असतो: पणजी-पणजोबांच्या पिढीचा. मालती, यमुना, केशव. ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत आणि वर्गात वाटूनही घ्यावी लागत नाहीत. आईवडिलांच्या पिढीतली नावं जुनाट वाटतात, त्यामागच्या पिढ्यांची पुन्हा ताजी वाटू लागतात. अमेरिकेत एमा १८८० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर होतं, १९७० च्या दशकात चारशेच्याही पलीकडे घसरलं आणि २००८ मध्ये थेट पहिलं आलं. एक धोका आहे: तुमच्यासारखाच विचार आणखी हजारजण करत असतील. पायरी ३ पुन्हा तपासा.

पायरी ८ : आठवडाभर वापरून बघा

दोन-तीन नावं उरली की एकेक नाव काही दिवस घरात वापरा. रागावून हाक मारा, झोपवताना हळू म्हणा, ‘डॉक्टर अमुक’ म्हणून बघा, लाडाने तोडून बघा. लोक नाव तोडतातच, आणि मुलाला तोडलेलंच नाव जास्त ऐकावं लागतं. ते सहन होत नसेल तर पूर्ण नाव कितीही सुंदर असलं तरी बाद. या काळात नातेवाइकांना नावं सांगू नका. सांगितलीत तर प्रत्येकाला त्या नावाचा एक नकोसा माणूस आठवेल.

ठरलं की देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत नाव एका कागदावर ठळक लिहा आणि दोघांनीही तेच स्पेलिंग मान्य करा. जन्मनोंदणीचा अर्ज भरताना एकाने त्या कागदावरून अक्षर अक्षर वाचावं, दुसऱ्याने अर्जावर बोट ठेवून तपासावं. प्रमाणपत्र हातात आलं की खिडकीपासून हलण्याआधी पुन्हा एकदा हेच करा. आमच्या ऋजुताच्या दाखल्यावर ‘रूजूता’ आहे.